दामूकाकांची ओटी

आमच्या घरात फ्रेंच भाषा शिरली ती उखळाजवळून. आय अंगणात भात कांडायला उभी राहिली की मी समोर दुसरं मुसळ घ्यायची. एका उखळात दोन मुसळं आळीपाळीनं पडायला लागली की त्या ठेक्यावर मला वाक्यं बरोबर आठवायची. ल्यांद, धप्, स त्रूव, धप्, आं नाझी, धप्. भारत आशियात आहे. एवढाच त्याचा अर्थ, पण आमच्या अंगणात तो मंत्रासारखा वाजायचा. कोंडा उडून नाकात जायचा आणि त्यामुळंच माझे फ्रेंचमधले नाकातले उच्चार सुधारले, असं माझी धाकटी बहीण जनी अजूनही सांगते. ती तेव्हा कोंबड्यांच्या मागं पळतापळता "स त्रूव, स त्रूव" ओरडायची आणि वाडीतली बाकीची पोरं तिच्या मागं. आय मुसळ न थांबवता विचारायची, "गो हिरे, ही बोली बोलतात कुटं?" मी म्हणायची, "फ्रान्समधे." "मंग त्यांना ठाव नाय का भारत कुटं हाय त्ये? तू कशाला सांगतेस?" मी म्हणायची, "परीक्षेला सांगायचं हाय गो." आय म्हणायची, "ज्याला ठाव नाय त्यो परीक्षा घेतो नि जिला ठाव हाय ती देते. बरा न्याय."

कॉलेजात मी फ्रेंच घेतली ती काही हौसेनं नाही. कल्याणला वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुली म्हणाल्या, फ्रेंचला गुण पडतात, घे, मी घेतली. शनिवारी घरी यायची, सोमवारी पहाटे परत. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली, मुलांमुलींत मिळून पहिली, हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते सांगायला मला अजून आवडतं. आमच्या फ्रेंचच्या बाई ठाण्याच्या होत्या, बोलायला मऊ पण वागायला कडक. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते आणि प्रत्येकानं उभं राहून आपलं शहर कुठं आहे, आपला देश कुठं आहे, हे सांगायचं होतं. पुस्तकात मुंबईचा नमुना दिलेला होता: पश्चिमेला, समुद्राकाठी, मोठं बंदर. सगळ्या वर्गानं तोच घोकला. मी पण घोकत होते. बाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "तू मुंबईची नाहीस ना? मग तुझं सांग. मुंबई ऐकून परीक्षक कंटाळतात." मी म्हणाले, "बाई, आमचं शहर नाही. खरं तर गाव पण नाही. वाडी आहे." त्या म्हणाल्या, "ती कुठंतरी असेलच की!"

मग माझी उत्तराची वाक्यं तयार झाली. भारत आशियात आहे. महाराष्ट्र भारताच्या पश्चिमेला. ठाणे जिल्हा, शहापूर तालुका. आमचं गाव तानसाच्या मोठ्या तळ्याजवळ, ज्याचं पाणी मुंबई पिते. इथपर्यंत बाई खूश होत्या. पुढची मी स्वतः घातली आणि बाईंनी फक्त दुरुस्त केली: आमचं घर गावात नाही. आमचं घर ओढ्याच्या पलीकडं आहे. आमचं घर लहान आहे, त्याच्या भिंती कुडाच्या, म्हणजे काटक्यांच्या आणि मातीच्या आहेत. नोत्र मेझों ए पतीत, आमचं घर लहान आहे. मी हे वाक्य उखळावर जोरात म्हणायची. आज विचार करते तेव्हा वाटतं, तेच वाक्य मराठीत मी कुणासमोर मान वर करून बोलले नसते. वसतिगृहात कुणी घराबद्दल विचारलं की मी "शहापूरकडे" म्हणून गप्प व्हायची. फ्रेंचमध्ये मात्र त्या घराला गुण मिळणार होते, आणि ज्याला गुण मिळतात त्याची लाज कसली?

त्याच हिवाळ्यात वाशिंदचं स्थळ आलं. मुरबाडकडचे आमचे एक मामा होते, तुकामामा. सोयरिकी जुळवणं हे त्यांचं आवडतं काम. मुलगा वाशिंदच्या एका कंपनीत कायम झालेला. माणसं मूळची नाशिककडची, आमच्यातलीच, पण पोटासाठी खाली उतरून तिकडं स्थायिक झालेली. मुलाला आईबाप नव्हते. चुलता आणि आत्या यांनी वाढवलेला. त्यांना शिकलेली मुलगी हवी होती आणि तुकामामांनी छाती फुगवून सांगितलेलं, "पोरगी फ्रेंच बोलते." बाला, म्हणजे माझ्या बापाला, त्या स्थळानं झोप लागेना. त्यानं उभा जन्म लोकांच्या शेतावर आणि रानात काढलेला. कायम नोकरीचा जावई म्हणजे त्याच्या दृष्टीनं मुलगी पावसापाण्याच्या पलीकडं गेली. मला मात्र पदवी घ्यायची होती. मी आयला सांगितलं, आयनं बाला सांगितलं, बा म्हणाला, "लगीन झाल्यावर शिकंल की. वाशिंदवरनं कल्याण जवळच हाय." मुलाकडच्यांनी हो म्हटलं असतं तर ते शिकणं तिथंच संपलं असतं, हे मला कळत होतं आणि बाला पण कळत होतं.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वाडीत मुलगी बघायला पाहुणे आले की ते बघणं वाडीत होत नसे. गावात, कुणातरी शेतमालकाच्या ओटीवर होई. ओटी म्हणजे घराची पुढची उंच पडवी, सारवलेली किंवा लादीची, एखादा झोपाळा टांगलेली. ज्याच्या शेतावर आपण भाताच्या आवणीला, कापणीला जातो त्याच्याकडं शब्द टाकायचा, तो त्या दिवसापुरती ओटी द्यायचा. पाहुणे पण आमच्यासारख्याच कुठल्यातरी वाडीतले. त्यांच्या मुली पण अशाच दुसऱ्याच्या ओटीवर दाखवलेल्या. त्यामुळं कुणी कुणाला फसवत नव्हतं. घर कुणाचं, हे कुणी विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक असे. बानं रीतीप्रमाणं दामूकाकांना विचारलं. त्यांच्या शेतावर त्याची हयात गेलेली. काका म्हणाले, "बस की, तुझीच समज." पाहुण्यांना अवघडायला नको म्हणून ते त्या दिवशी मुद्दाम शेतावर निघून गेले. माणूस चांगला होता. पण आमच्या रीतीचा घाटावरच्या माणसांना पत्ता असेल की नाही, हा विचार ना बाच्या डोक्यात आला, ना तुकामामांच्या, ना माझ्या.

ओटी मिळाली तरी स्वयंपाकघर मिळत नसे. हे पण सगळ्यांना ठाऊक असलेलंच. म्हणून सकाळीच आमच्या घरातले सगळे पेले, बशा, पातेली, चांगली चटई, आयनं लग्नात आणलेलं एकुलतं एक ताट, असं सगळं टोपलीत घालून आय आणि जनी ओढा ओलांडून गेल्या. काकांच्या घराच्या मागीलदारी तीन दगड मांडून आयनं पोहे केले, चहा ठेवला. पोह्यांवर ओलं खोबरं होतं, काकूंनी दिलेलं. मी शेजारणीकडून आणलेली निळी साडी नेसून माडीखालच्या खोलीत बसलेली, आणि खिडकीतून बाच्याकडं बघत होते. तो झोपाळ्यावर बसला होता. त्या ओटीच्या पायऱ्यांशी त्यानं जन्मभर उभं राहून बोलणी केलेली, वर कधी बसलेला नव्हता. त्याला झोपाळा स्थिर ठेवता येईना. दोन्ही पाय लादीवर रोवून तो हलू नये म्हणून धरून बसला होता, बैल धरावा तसा.

पाहुणे आले. चुलता जाडसर, बोलका. आत्या बारीक, डोक्यावर पदर, नजर सगळीकडं. मुलगा गप्प. बसल्याबसल्या चुलत्यानं वर आढ्याकडं बघून म्हटलं, "घर झ्याक बांधलंय पाव्हणं. कवा बांधलं?"

बानं तुकामामांकडं बघितलं. मामा जमिनीकडं बघत होते. बा म्हणाला, "जुनं हाय."

इतकंच. तो खोटं बोलला नाही. घर खरंच जुनं होतं. पण आतल्या दारात काकू उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं, आणि मी त्यांचं तोंड बघितलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना हसू आलं होतं, आणि त्यांनी ते पदरात दाबलं. मी जन्मात इतकी लाजले नसेन. पाहुण्यांना पाणी हवं झालं तर जनी माजघरातून न येता घराला वळसा घालून मागून धावत यायची, पेले वाजवत. दोनदा तसं झाल्यावर आत्या तिच्याकडं बघतच राहिली.

मला बाहेर बोलावलं. बसायला सांगितलं, नाव विचारलं, चालायला सांगितलं, सगळं झालं. मग चुलता म्हणाला, "आता ते फ्रेंच होऊन जाऊ दे. आमी पन ऐकू साहेबाची भाषा." मामा म्हणाले, "बोल गो हिरे." माझ्याकडं बोलायला एकच गोष्ट होती, परीक्षेची. दुसरं काही सुचण्याइतकी ती भाषा मला येतच नव्हती. मी उभी राहिले, हात मागं बांधले आणि उखळावरचा ठेका धरून सगळं म्हणून टाकलं. भारत, महाराष्ट्र, तळं, गाव. आमचं घर गावात नाही. ओढ्यापलीकडं. लहान. काटक्या आणि माती. त्या लादीवर, त्या आढ्याखाली, मी ते स्वच्छ मोठ्या आवाजात म्हटलं. कुणालाच काही कळलं नाही. चुलता खूश होऊन मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा! जशी रेडिओवरची बाई!" मुलगा पहिल्यांदा हसला. बाच्या पायांची पकड सुटली आणि झोपाळा जरासा हलला.

"आता मराठीत सांग, बाय," आत्या म्हणाली.

मी सांगायला लागले. भारत आशियात आहे. महाराष्ट्र भारताच्या पश्चिमेला आहे. शहापूर तालुका, तानसाचं तळं, मुंबईचं पाणी. आणि तिथं थांबले.

"आन पुढं?"

"झालं," मी म्हणाले.

"झालं कसं? तिकडं तर लई लांबलचक बोललीस. मराठीत येवढंच? आमाला काय शिव्या दिल्यास का काय गो?" ती हसतच म्हणाली, तिच्या मनात वाईट नव्हतं. सगळे हसले. मला पुढचं काहीही रचून सांगता आलं असतं, की आमच्याकडं भात पिकतं, डोंगर आहे, मोर आहेत. एखादी हुशार मुलगी सांगती. मी बाच्याकडं बघितलं. त्याला फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं, पण आठवडेच्या आठवडे तो अंगणात बिडी ओढत ते ऐकत होता, आणि मी कधीतरी त्याला सगळ्याचा अर्थ सांगितलेला होता. कुठलं वाक्य राहिलंय हे त्या ओटीवर माझ्याशिवाय फक्त त्यालाच ठाऊक होतं.

बा झोपाळ्यावरून उतरला. खाली, पायरीशी, त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "ती सांगते का आमचं घर गावात नाय. ओढ्याच्या पल्याड हाय. लहान हाय, कुडाचं हाय. ह्ये दामूकाकांचं घर."

चुलत्याचा पोह्यांचा घास हातातच राहिला. मग मामांनी रीत समजावून सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडं असंच असतं, सगळेच असं करतात, पण ते जितकं सांगत गेले तितकं ते वाईट ऐकू येत गेलं. शेवटी आत्या उठली. "मंग दाखवा तरी घर," म्हणाली. "आलोय तर बघून जाऊ."

ओढ्याला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. आज तिथं पूल आहे, रिक्षा थेट वाडीत जाते, आणि घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर माझी नात फोनवरून एक ठिपका पाठवते, पत्ता सांगावाच लागत नाही. तेव्हा मुलानं नवे बूट काढून हातात धरले आणि आमच्या मागं पाण्यातून आला. घरात काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं काकांच्या मागीलदारी. चटई तिकडं, पेले तिकडं. पाहुणे सारवलेल्या भुईवर बसले. चालून आलेले, त्यांना पाणी हवं होतं, आणि आमच्या घरात पाणी द्यायला एक पेला नव्हता. जनी पेले आणायला पळाली, तोवर आयनं हंड्यातून लोट्यानं पाणी काढलं आणि प्रत्येकाच्या ओंजळीत ओतलं. आत्यानं ओंजळ धरली, प्यायली, तोंड पुसलं आणि भिंतीकडं बघत राहिली. भिंत कोरी, नुकती सारवलेली होती. वाईट नव्हती. पण ज्यांना वर लादीवर बसवलं त्यांना खाली आणून बसवल्यावर कुठलीही भिंत वाईटच दिसते.

उत्तर आलं ते मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत. बाला एक बैल बघायचा होता, घ्यायचा नव्हता, नुसता बघायचा. दरवर्षी तो बघायचाच. मी सोबत गेले होते. गुरांच्या बाजारात धूळ, हंबरणं, घुंगरं, पलीकडून भोंगा. तिथं तुकामामा भेटले. हळू सांगायची गोष्ट त्या गोंगाटात ओरडून सांगावी लागली.

"वाशिंदवाले नाय म्हनतात!"

बा बैलाचा ओठ वर करून दात बघत होता. त्यानं विचारलं, "घर लहान म्हनून?"

"नाय रे! ते बोलले, घराचं काय नाय, आमी पन खोपटातनंच आलो. पन पोरीचा बाप दुसऱ्याच्या घरात आपलं म्हनून बसला, आज घर दाखवलं, उद्या काय काय दाखवील! असं आत्याबाय बोलली!"

आजूबाजूचे दोनतीन जण वळून बघायला लागले. त्यांतला एक म्हशीवाला म्हणाला, "कुनाचं घर रे?" बानं बैलाचा ओठ सोडला नाही. दात मोजत असल्यासारखा तो तिथंच वाकून राहिला, बैलवाला शेवटी म्हणाला, "बाबा, त्याला दुखतंय." तेव्हा त्यानं हात काढला आणि धोतराला पुसला. गरीब म्हणून नाकारलं असतं तर ते त्याला ओळखीचं होतं. लबाड म्हणून नाकारलेला तो आमच्या घराण्यातला पहिलाच.

आणि मला, त्या धुळीत, हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू. छातीवरचा धोंडा उतरला. मी मान खाली घातली होती, आणि मामांना वाटलं पोरीला वाईट वाटलं. त्यांनी मला पाकातली जिलेबी घेऊन दिली. मी ती खाल्ली. छान होती. त्या नकारावर माझी पुढची वर्षं उभी आहेत. तोंडी परीक्षेत मला चांगले गुण पडले, परीक्षकांनी बाईंना माझं नाव विचारलं, मग पदवी, मग शाळेतली नोकरी, सगळं. लोक म्हणतात, हिराबाई स्वतःच्या जिद्दीवर शिकल्या. मी ते खोडून काढत नाही. पण माझ्या जिद्दीच्या खाली बाचा तो अपमान आहे, पायाच्या दगडासारखा, आणि तो काढायला गेलं तर वरचं काही राहत नाही.

बा त्यानंतर दामूकाकांच्या शेतावर जात राहिला, ओटीच्या पायरीशी उभा राहून बोलत राहिला. त्याच्यात एकच फरक पडला. तो कुणालाही, न विचारता, आपलं घर कुठं आणि कसं ते सांगायला लागला. बाजारात मिठाचा भाव करतानाही आधी सांगायचा. वाडीत देवी टोचायला आलेल्या डॉक्टरणीला, आपल्याच दारात उभा असताना सांगितलं. जनीला बघायला पाहुणे आले तेव्हा तो फाट्यावर बसपाशी जाऊन उभा राहिला, आणि ते पायरी उतरायच्या आत त्यानं सांगून टाकलं. ते पाहुणे आमच्याच बाजूचे, रीत जाणणारे. ते एकमेकांकडं बघून गालात हसले. आय त्याला म्हणायची, "आता पुरे की!" तो ऐकल्यासारखं करायचा.

पदवी मिळाली त्या दिवशी मी त्याला कल्याणला नेलं. धुतलेलं धोतर, टोपी, पायात मागून आणलेल्या वहाणा, एक बोट पुढं आलेलं. सभागृहाबाहेर चहा ठेवला होता. मुलामुलींचे आईवडील, प्राध्यापक, सगळे घोळक्यानं उभे. प्राचार्य आमच्यापाशी आले. मी म्हणाले, "सर, हे माझे वडील." प्राचार्यांनी नमस्कार केला आणि तोंड उघडणार इतक्यात बानं हात जोडले आणि मोठ्यानं, सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचं घर गावात नाय, साहेब. ओढ्याच्या पल्याड हाय. लहान हाय, कुडाचं हाय."

प्राचार्य "हो का, वा, वा" म्हणाले आणि हसून पुढं गेले. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई माझ्याकडं बघत होती. हातात पदवी होती आणि मला वाटलं, ती घेऊन पळत सुटावं. मी बाच्या दंडाला धरून त्याला खांबाच्या बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बा, कुनी विचारलं पन नाय. कशाला सांगतोस सारखं?"

तो माझ्यावर चिडला नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून, लहान पोराला समजवावं तसं म्हणाला, "विचारलं नाय तवाच सांगावं लागतं गो. विचारल्यावर सांगितलं का ते पकडल्यासारखं व्हतं."

आणि त्या मुलीची आई अजून आमच्याकडंच बघत होती म्हणून, कप खाली ठेवून, हात जोडत तो तिच्याकडं निघाला.